हललं म्हणायचं आणि बाहेर पडायचं

एप्रिलमध्ये नांदेडहून लातूरला निघालेली बस चाकूरला थांबली की आत माणसांआधी सामान चढतं. गादीची वळकटी, पत्र्याची पेटी, प्लास्टिकची बादली, बादलीत मग, मगात नवा साबण. मग दहावीचा पेपर देऊन अजून झोप न झालेला एक मुलगा किंवा मुलगी, आणि त्यांच्यामागे आई-बाप. बाप कंडक्टरला सांगतो, "क्लासेसपाशी उतरवा."  आई बादली मांडीवर धरून बसते. परवा माझ्या शेजारी अशीच एक बाई बसली होती. चाकूर मागे पडल्यापासून ती पदरानं मान पुसत होती. खिडकी उघडी होती, वारा येत होता, तरी पुसत होती. तिच्या नवऱ्यानं मागच्या सीटवरून विचारलं, "काय होऊन राहिलं गं?" ती म्हणाली, "काही न्हाई, ऊन हाय."

मला तिला विचारायचं होतं. विचारलं नाही. ज्या माणसानं एकदा न विचारता लिहून टाकलं, त्याला पुढं विचारायचीही लाज वाटते.

मी ते लिहिलं, लातूरच्या त्या एप्रिलची मला आधी आठवते ती गरम पत्र्याची टकटक. दुपारी बारानंतर आमचा पत्रा आपोआप वाजायचा, ताणला जाऊन. घर क्लासेसच्या मागच्या गल्लीत होतं. पुढच्या रस्त्यावर गुणवंतांचे फोटो लावलेल्या मोठमोठ्या पाट्या, मागे आमच्यासारख्यांची घरं, आणि जवळजवळ प्रत्येक घरात एक तर खोल्या भाड्यानं नाहीतर मेस. आईची मेस होती. दुपारी चौदा-पंधरा मुलं-मुली घरात पंगत धरून जेवायची, बाकीच्यांचे डबे जायचे. सगळ्या गल्लीनं स्लॅब टाकले, आम्ही टाकला नाही. आईचं माहेर औसा तालुक्यातलं. भूकंपात तिची आई आणि धाकटा भाऊ दगडमातीच्या माळवदाखाली गेले. ती दाराजवळ होती म्हणून वाचली. त्यानंतर डोक्यावर जड काही नको, एवढी एकच अट तिनं लग्नात घातली, आणि बाबांनी ती पाळली. म्हणून पत्रा. माणूस मारणार नाही असं छप्पर तिनं मागून घेतलं होतं. त्याच छपराखाली ती पुढं भाजून निघाली.

आमच्या भागात भूकंपानं बरंच नेलं आणि एक रिवाज मागे ठेवला. कुणी "हललं" म्हटलं की त्याला कुणी अडवत नाही. सून सासऱ्यासमोरून पदर न सावरता उठून अंगणात जाते. जेवणारा उष्ट्या हातानं उठतो. वर्गात मुलगा "सर, हललं" म्हणतो आणि सर फळ्याकडं तोंड करून "जा" म्हणतात. खरंच हललं का, असं विचारायचं नसतं. विचारणारा माणूस निर्दयी ठरतो. कारण प्रत्येकाच्या नात्यात कुणीतरी एकदा बाहेर न पडता झोपून राहिलेलं असतं.

एका दुपारी आई वरण वाढत होती. मी पंगतीत शेवटी बसले होते, कारण मीही त्या वर्षी डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला बसणार होते आणि आमच्याकडं घरच्यांना वेगळं ताट नव्हतं. पळी हवेत थांबली. आईच्या गळ्यापासून लाली वर चढत गेली, हनुवटी, गाल, कपाळ. वरच्या ओठावर घामाचे थेंब उभे राहिले. तिचा दुसरा हात छातीवर गेला. "हललं," ती म्हणाली आणि पळी पातेल्यात टाकून मागच्या दारानं कडुलिंबाखाली गेली. सगळ्यांनी वर पंख्याकडं पाहिलं. पंखा फिरत होता, तो हलला की नाही हे कसं कळणार?

जळकोटचा एक वात्रट मुलगा ओरडला, "मावशी, किती रिश्टर?"

लिंबाखालून आवाज आला, "तुझ्या टेस्टच्या मार्कांपेक्षा जास्तीच हाय. जेव गुमान."

पंगत हसली. मीही हसले. आई पाच मिनिटांनी आली तेव्हा तिच्या खांद्यावर ओला पंचा होता आणि चेहरा नेहमीचा. "वरण कुणाला न्हाई आलं?" तिनं विचारलं.

मग ते रोजचं झालं. कधी भाकरी तव्यावर असताना, कधी डबे भरताना, कधी कुणा पालकाशी बोलता बोलता. हललं. मागचं दार, लिंब, ओला पंचा, माठाच्या बुडाशी धरलेली मनगटं. आई पहाटेच कणीक मळून ठेवायला लागली. तिनं चहा सोडला. भाजीत मिरची कमी झाली तशी मुलं कुरकुरली, "मावशी, आजाऱ्याचं जेवण झालं की हे." ती म्हणायची, "परीक्षेला पोट बिघडलं तर मला नावं ठेवशाल." या सगळ्या हालचाली मी रोज डोळ्यांनी पाहत होते. आज त्या एकापुढं एक मांडल्या की त्यांचा अर्थ इतका सरळ दिसतो की स्वतःच्या डोळ्यांचा राग येतो.

कारण त्याच पंगतीत, भाताचे घास घेता घेता, आम्ही एकमेकांना जीवशास्त्राचे प्रश्न विचारायचो. कोणत्या दिवशी कोणतं संप्रेरक वाढतं, कोणतं उतरतं, त्याचा आलेख आम्हाला झोपेत काढता आला असता. पाळी कोणत्या वयाच्या सुमारास थांबते यावर पुस्तकात एक वाक्य होतं आणि त्या वाक्यावर एक गुण. तो गुण आमच्यापैकी कुणीही सोडला नसता. उद्याचे पंधरा डॉक्टर तोंडपाठ उत्तर घेऊन बसले होते आणि ज्या बाईच्या अंगात ते उत्तर पेटलं होतं, ती त्यांना आणखी भात हवा का विचारत होती.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर पोट चालायचं आणि चळवळीच्या पत्रकांवर मन. माझी अक्षरओळख पत्रकांच्या मथळ्यांवर झाली. पाठकोऱ्या पत्रकांवर मी गणितं सोडवली. बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, पाण्यासाठी, शाळांसाठी, किती पत्रकं मी चौकात उभं राहून वाटली असतील! एक होतं बाईच्या आरोग्यावर. ते मला अजून पाठ आहे. पहिली पाळी, रक्तातलं लोह, लग्नाचं वय, गरोदरपण, बाळंतपण, आणि संपलं. बाळंतपणानंतर बाई कुठं जाते ते त्या पत्रकाला ठाऊक नव्हतं. जागा नव्हती असंही नाही. खाली चार बोटं कागद कोरा होता.

त्या एप्रिलमध्ये बाबांची चळवळीतली मंडळी भूकंपग्रस्तांसाठी समुपदेशन केंद्रं मागत होती. घरं मिळाली, पण मनाचं काय, असा मुद्दा होता. मुद्दा खरा होता आणि आजही खराच आहे. बाबा म्हणाले, "तू लिही. तुझ्या हातात जोर हाय." मी टेस्ट सिरीज बाजूला सारून एका बैठकीत लिहिलं. मथळा दिला, "पंचवीस वर्षांनीही आमच्या आया दचकून बाहेर पळतात." आत नाव न घेता एक बाई रंगवली. मेस चालवणारी, पत्र्याखाली राहणारी, हातातली पळी टाकून "हललं" म्हणत धावणारी, घामानं चिंब होणारी, छाती धडधडणारी. या बाईला सरकारनं सिमेंट दिलं, झोप दिली नाही, असं माझं शेवटचं वाक्य होतं. बाबांनी ते वाक्य तीनदा वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, आपण आईचं दुःख जगापुढं आणलं.

आईला वाचून दाखवलं नाही. ते आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. स्त्रियांना त्यांचा आवाज द्या असं छापणाऱ्या घरात.

पत्रक वर्तमानपत्रांत घालून गल्लोगल्ली गेलं. मेस चालवणाऱ्या बाया पुष्कळ होत्या, पत्र्याखाली राहणारी एकच. दुसऱ्या दिवशी मुलं जेवायला आली ती गप्प. कुणी रिश्टर विचारलं नाही. जळकोटचा मुलगा ताटावरून उठताना हळूच म्हणाला, "मावशी, मी चेष्टा करायचो, माफ करा." आई त्याच्याकडं बघत राहिली. तिला अजून ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी तिनं दुकानातून पुडी बांधून आलेला तो कागद उलगडला आणि ओट्याशी उभं राहून शेवटपर्यंत वाचला. मी दारात होते. ती काय म्हणेल याची वाट पाहत होते, आणि खरं सांगायचं तर शाबासकीची वाट पाहत होते. तिनं कागदाची घडी घातली, डब्याखाली सारली. "अक्षर लई बारीक छापलंत," एवढंच म्हणाली.

मग पालकांचे फोन सुरू झाले. एक वडील मुखेडहून बोलत होते. फोन मी घेतला होता. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. बाईबद्दल आदर हाय. आमच्याबी घरातली माणसं गेलीत. पण गॅसजवळ असताना तसं झालं तर? लेकरांच्या अन्नाचा प्रश्न हाय." दुसऱ्या एका आईनं विचारलं, "डोक्याचं औषध चालू हाय का त्यांचं?" सगळे प्रेमानं बोलत होते. एकेक डबा प्रेमानं बंद होत गेला.

बाबा तिला दवाखान्यात घेऊन गेले. खिशात पत्रक होतं. डॉक्टरांनी आईकडं कमी आणि पत्रकाकडं जास्त पाहिलं. पाळीचं एका अक्षरानं विचारलं नाही. झोपेच्या आणि भीतीच्या गोळ्या लिहून दिल्या. आई त्या घेत राहिली. गोळ्यांनी झळ थांबली नाही, फक्त लिंबापर्यंत जाण्याचं त्राण गेलं. ती ओट्याशीच बसून भिजायची. भाजीत दोनदा मीठ पडलं. एकदा चाळीस माणसांची डाळ तळाला लागून कोळसा झाली आणि ती शेजारी बसून बघत होती. परीक्षा तोंडावर आली तेव्हा पंगतीत तीन मुलं उरली होती. परीक्षा झाली, तीही गेली. जूनमध्ये नवी बॅच आली आणि आमच्या दारात कुणी बादली ठेवली नाही.

रुखसाना खालानं मला सांगितलं, तेव्हा उशीर झाला होता. खाला मूळच्या नांदेडच्या, जुन्या भागातल्या शिंपीकाम करणाऱ्या घरातल्या. लग्न होऊन लातूरला आल्या, गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिलाईचं दुकान. आईचे ब्लाऊज आणायला गेले होते. त्यांनी ते कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं, "गोळ्या अजून देऊन राहिले का अक्काला?"

"हो. भूकंपाचं मनात बसलंय ना, खाला."

त्यांनी कात्री ठेवली. ब्लाऊज पुन्हा उलगडले, माझ्यापुढं पसरले. "बघ. हे दोन सालापासून. आधी अस्तर काढ म्हणली. मग गळा मोठा कर म्हणली. मग बाह्या अर्ध्या. मग हुक काढून टिचबटनं लाव, पटकन खुलले पाहिजेत म्हणली. भूकंपाला टिचबटनं कशाला लागतात, बेटा?"

मी एक टिचबटन ओढलं. पटकन सुटलं.

"पाळी जाऊन राहिली तिची. माझी गेली तेव्हा मी नळाखाली डोकं धरून बसायची. मीच सांगितलं तिला, अक्का, ये बीमारी न्हाई, उमर हाय, घरात बोल. ती म्हणली, खाला, पोरांच्या पंगतीतून उठून काय सांगू? माझी पाळी चालली म्हणू? हललं म्हणलं की कुणी इचारत न्हाई." खालांनी ब्लाऊजची घडी घातली. "तुमच्या घरी इतके कागद छापतात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असंल."

त्या दुपारी मी आईला विचारलं. ती भिंतीला टेकून बसली होती.

"तुला माहीत होतं?"

"हाव."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुझ्या बापाला बोलले. म्हणलं, अंगातून जाळ निघून राहिलाय. तर म्हणला, पत्रा हाय, उन्हाळा हाय, निघणारच." तिनं पदरानं मान पुसली. "सभेत बाईच्या दुःखावर तासभर बोलतो तो. मी ऐकलंय. चांगलं बोलतो."

"पण पत्रक निघाल्यावर तरी..."

"निघाल्यावर काय सांगू? हललं न्हवतं म्हणून सांगू? इथं प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलंय, पोरी. मी खोटंच हललं म्हणून उठत होते हे कळलं असतं तर लोकांनी थुंकलं असतं माझ्यावर. मीच थुंकले असते." मग खूप हळू म्हणाली, "माझ्या आईच्या, भावाच्या मरणाच्या नावानं मी वारा खाल्ला. म्हणून गोळ्या खाल्ल्या. म्हणलं, आपलीच चूक हाय, गिळा."

मी तिच्याशी वाद घातला. चूक तुझी नाही, असं तावातावानं बोलले, सभेत बोलतात तसं. तिनं ऐकून घेतलं. सभेतही ती ऐकूनच घ्यायची.

मी परीक्षेत नापास झाले, पुन्हा बसले नाही. नांदेडला आले, शिकले, एका साप्ताहिकात लिहू लागले. आईला नांदेडला एका बाई डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी रक्त तपासलं, रक्तदाब पाहिला, गोळ्या हळूहळू उतरवल्या, काय होतं आणि काय करता येतं ते तिच्याशी बसून बोलल्या. हवं असेल तर यावर औषध आहे, म्हणाल्या. बाकी ज्या गोष्टी सांगितल्या, सैल सुती कपडे, चहा-मिरची कमी, थंड पाणी, झळ येतेय वाटलं की सावकाश श्वास, त्यातल्या बहुतेक आई आधीपासून करत होती. कुणी न शिकवता, चोरून. उतरताना जिन्यात म्हणाली, "म्हंजे मी बरोबरच करत होते." तिच्या तोंडून स्वतःबद्दल बरं मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं, आणि तेही जिन्यात.

बाबांना सगळं सांगितलं तेव्हा ते आधी छापखान्यात जाऊन आले. मग आईला म्हणाले, "मला सांगायचं होतंस." ती म्हणाली, "हाव, चुकलं." त्यांना त्यातलं काही कळलं का, मला अजून समजलेलं नाही.

मी विचार करते, भूकंपाचं दुःख आमच्याकडं मोठ्यानं बोलता येतं, कारण त्यात पुरुषही मेले. त्याला स्मारक आहे, सरकारी आदेश आहेत, भाषणं आहेत. जे दुःख फक्त बायांच्या अंगात होतं, त्याला बाहेर पडायला दारही दुसऱ्या दुःखाचं मागावं लागतं. आणि आम्ही, ज्यांनी दारं उघडायचा वसा घेतला, आम्ही त्या उसन्या दारावर पाटी ठोकली. दुरुस्तीचं पत्रक काढायचं मी ठरवलं होतं. आई म्हणाली, नको. पत्रकावर पत्रक काढून मेस परत येत नसते. मग या वर्षी तीच म्हणाली, "लिही आता. पण आधी मला वाचून दाखव. आणि मी म्हणलं काढ, तर काढायचं." वाचून दाखवलं. तिनं दोन वाक्यं काढायला लावली. ती इथं नाहीत.

मेस ती दरवर्षी सुरू करते. एप्रिल आला की ओटा घासते, मोठी परात उन्हात ठेवते, दाराला खडूनं पाटी लिहिते. गल्लीत आता नवी माणसं, तरी कुणीतरी सांगतंच, "ती ना? ती भूकंपवाली मावशी." कधी दोन मुलं येतात, महिन्याभरानं जातात. गेल्या वर्षी कुणीच आलं नाही.

परवा बसमधून उतरून मी घरी पोचले तेव्हा दारात एक मुलगी उभी होती. किनवटकडची, आश्रमशाळेत शिकलेली, नवी नवी आलेली. पायात धुळीच्या चपला. "मावशी, मेस हाय का?"

"हाय की. ये, बस." आईनं तिला पाणी दिलं. भाकरी खातेस का, भात लागतो का, सकाळचा डबा किती वाजता, सगळं विचारलं. मुलगी खुलली. मला वाटलं, झालं. मग आई तिच्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "एक ऐक. माझी पाळी गेली, त्यानं मला अजून अंगात जाळ उठतो. दिवसातून चार-पाच बारी. वाढता वाढता मी उठून बाहेर जाईन, दहा मिंटात येईन. गॅस बंद करूनच जाते. दुसरं काही न्हाई, येडबीड न्हाई. चालतंय का तुला?"

मुलगी लाजली, जमिनीकडं बघून हसली. "मला चालतंय, मावशी. घरी फोन करून इचारते, अन् येते."

"इचार. दुपारचं जेवण इथंच कर. आजचं तसंच, बिनपैशाचं."

ती गेली. आई परात घेऊन बसली. मी म्हटलं, "मी मळते." तिनं मान हलवली. माणशी दोन मुठी पीठ, हे तिचं माप. आम्हा तिघांच्या सहा मुठी पडल्या. मग तिनं दाराकडं पाहिलं आणि आणखी दोन घातल्या.

एक वाजला, दोन वाजले. क्लास सुटून पुढच्या रस्त्यावरची गर्दी ओसरली. पत्रा वाजत होता. आई एकदा उठून लिंबाखाली जाऊन आली, कुणालाही काहीही न सांगता. मग उरलेल्या दोन भाकरी फडक्यात गुंडाळल्या आणि मला म्हणाली, "रातच्याला तुझ्या बापाला कुस्करून देऊ. जेव आता तू."